वैद्य कीं मुकादम ?

मनुष्याच्या शरीरांत मनगटाइतकी मानाची आणि अपमानाची जागा दुसरी क्वचितच असेल. विवाहांत कंकण बांधावयाचें तें मनगटाला, राखी पौर्णिमेस बहिणीनें रेशमी दोरा बांधावयाचा तो मनगटाला, वैद्यानें नाडी पाहावयाची ती मनगटापाशीं, आणि शिपायानें बेडी ठोकावयाची तीहि तेथेंच. गेल्या दहापंधरा वर्षांत या जागेला आणखी एक मानकरी मिळाला आहे. रबरी पट्ट्यावर बसविलेली सुपारीएवढी एक डबी. तिच्या पोटांत सूक्ष्म संवेदक बसविलेले. हे संवेदक धारकाच्या नाडीचे ठोके, हाताची हालचाल, त्वचेची उष्णता इत्यादि गोष्टी दिवसभर टिपतात व बिनतारी मार्गानें दूरच्या संगणकाकडे पाठवितात. मोठमोठ्या वखारींत काम करणाऱ्या मजुरांच्या मनगटांवर अशा डब्या बांधून त्यांच्या प्रकृतीचें व कामाचें मापन करावें, असा प्रघात आतां पडूं लागला आहे. हेतु दोन सांगण्यांत येतात : मजूर सुखरूप राहावा, आणि काम अधिक व्हावें. हे दोन हेतु एका घरांत जावांप्रमाणें नांदतात कीं सवतींप्रमाणें, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा विषय कौटुंबिक मासिकाचा नव्हे, अशी शंका एखाद्या वाचकास येणें शक्य आहे. परंतु ज्याच्या दाराशीं महिन्याकाठीं दोनचार तरी पुडकीं येऊन पडत नाहींत, असें घर आज आपल्या वर्गांत शोधून सांपडावयाचें नाहीं. आमचें कुटुंब लहानमोठ्या अकरा माणसांचें, कल्याणास राहणारें. सूनबाईनें रात्रीं निजण्यापूर्वीं नातवासाठीं कंपासपेटी मागवावी आणि ती दुसऱ्या दिवशीं दुपारच्या चहाच्या आधीं यावी, याचें आतां कोणास नवल वाटेनासें झालें आहे. मधल्या त्या रात्रींत कोणी तरी ती पेटी फळीवरून काढलेली असते. त्या कोणाच्या तरी मनगटाचा प्रश्न आपल्या घराशीं इतका जवळून निगडित आहे.

ती पेटी बहुधा भिवंडीहून येते. एके काळीं यंत्रमागांच्या खडखडाटासाठीं प्रसिद्ध असलेलें हें गांव आज वखारींचें एक मोठें ठाणें बनलें आहे. मुंबईंत शिरणाऱ्या मालावर जकात होती, त्या काळीं व्यापाऱ्यांनीं शहराच्या हद्दीबाहेर, नाशिकच्या हमरस्त्यालगत माल सांठविण्यास प्रारंभ केला. २०१७ सालीं वस्तु व सेवा कर आला व जकात गेली. वखारी मात्र राहिल्या आणि वाढल्या. माणकोली, दापोडे, पूर्णा, राहनाळ या गांवांच्या शिवारांत पूर्वीं भाताचीं खाचरें होतीं. तेथें आतां पत्र्याच्या छपरांच्या लांबच लांब इमारती उभ्या आहेत. आंतील काम सांगावयास सोपें व करावयास कठीण. हातांतील स्कॅनरच्या पडद्यावर फळीचा क्रमांक उमटतो. मजुरानें तेथवर चालत जावें, वस्तु काढावी, तिच्यावरील पट्ट्यांची खूण स्कॅनरला दाखवावी, ती गाड्यावर ठेवावी आणि पुढील क्रमांकाकडे वळावें. अशा कामकऱ्यास तेथें ‘पिकर’ म्हणतात. एका पाळींत त्याचें चालणें कित्येक कोस होतें. वांकण्याची व हात उंच करण्याची तर गणतीच नसते. पाठीच्या दृष्टीनें नुसत्या वजनाहून वस्तु कोठून उचलावी लागते याला महत्त्व अधिक. कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेंतील राष्ट्रीय संस्थेनें १९९१ सालीं सुधारलेल्या सूत्रांत उत्तमांतल्या उत्तम परिस्थितींत दोहों हातांनीं उचलावयाच्या वजनाची मर्यादा २३ किलो धरली आहे. परंतु वस्तु अंगापासून दूर असली, पायाशीं किंवा डोक्याच्या वर असली, उचलतांना कंबर पिळावी लागली, अथवा मिनिटांत अनेकदां उचलावें लागलें, कीं ही मर्यादा त्या त्या मानानें खालीं येते.

आतां डबीविषयीं. माझा धाकटा पुतण्या पुण्यास एका लहानशा कंपनींत अशाच डब्या बनवितो. त्यानें मला समजावून सांगितलें तें असें : डबीच्या पाठीमागें हिरवा प्रकाश देणारे इवलेसे दिवे असतात. रक्त हा प्रकाश शोषून घेतें. हृदयाचा ठोका पडला कीं मनगटांतील रक्त क्षणभर वाढतें व परतून येणारा प्रकाश कमी होतो. पुढच्या क्षणीं तो पुन्हां वाढतो. या चढउतारांवरून ठोके मोजले जातात. निरोगी माणसांत दोन ठोक्यांमधील अंतर तंतोतंत सारखें नसतें. श्वासाबरोबर तें किंचित् कमीअधिक होतें, आणि थकवा किंवा चिंता वाढली कीं हा लवचिकपणा बहुधा घटतो. दुसरा एक संवेदक हाताच्या हालचालीची गति व दिशा टिपतो. त्यावरून माणूस चालत आहे, वांकत आहे, कीं स्वस्थ उभा आहे, याचा अदमास करितां येतो. पट्टा सैल असला, घाम आला, किंवा हात झटक्यानें हलला तर मापन चुकतें, हेंहि त्यानें आपण होऊन सांगितलें. आपल्या मालाचे दोष स्वतःच्या तोंडानें सांगणारा विक्रेता विरळा; म्हणून मला त्याचें कौतुक वाटलें.

परंतु ठोके मोजणें ही एक गोष्ट आणि त्यांचा अर्थ लावणें ही दुसरी. माझ्या हृदयावर उपचार झाल्यापासून मुलीनें दिलेलें अशाच जातीचें एक घड्याळ मी वापरतों. गेल्या वर्षीं धाकट्या सुनेच्या बाळंतपणाच्या वेळीं मी इस्पितळाच्या बाकावर दोन तास निश्चल बसलों होतों. मध्येंच मनगटास हलकासा हिसका बसला. आपली कांहीं हालचाल दिसत नसतां नाडी मात्र जलद चालली आहे, अशी सूचना घड्याळानें दिली होती. सूचना अगदीं खरी होती. तिचें कारण समोरच्या बंद दाराआड होतें, हें मात्र घड्याळास ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. पाठोपाठ आंतून नातीचें रडणें ऐकूं आलें. तेव्हांहि नाडी तितकीच जलद असली पाहिजे! उन्हानें, चढावानें, तापानें, भीतीनें आणि आनंदानेंहि नाडी वाढते. पडद्यावर उमटणारा आंकडा तेवढा एकाच जातीचा असतो.

आपल्या जुन्या वैद्यांनीं ही अडचण पुरती ओळखली होती. वाग्भटानें ‘अष्टांगहृदया’त रोग्याच्या परीक्षेचीं तीन साधनें सांगितलीं आहेत : दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. रोग्याकडे पाहावें, त्याला हात लावून पाहावें, आणि मग त्याला विचारावें. पैकीं पहिलीं दोन साधनें संवेदकाला माणसाहून अधिक साधतात. तो थकत नाहीं आणि कंटाळतहि नाहीं. तिसरें साधन मात्र त्याच्यापाशीं नाहीं. तो विचारीत नाहीं. आणि प्रश्न म्हणजे नुसते शब्द उच्चारणें नव्हे. विचारणारा कोण आहे, सांगणाऱ्याला त्याचें भय आहे कीं नाहीं, आणि सांगितलेलें मानलें जाईल असा विश्वास आहे कीं नाहीं, यांवर उत्तराचा खरेपणा अवलंबून असतो. पाश्चात्त्य कारखान्यांच्या गेल्या सव्वाशें वर्षांच्या इतिहासाकडे पाहिलें तर तो या तिसऱ्या साधनाच्या विस्मरणाचा व पुनःस्मरणाचाच इतिहास आहे, असें मला वाटूं लागलें आहे.

अमेरिकेंतील फ्रेडरिक टेलर या गृहस्थानें मजुरांच्या एकेका हालचालीचा काळ घड्याळ लावून मोजण्याचें शास्त्र बनविलें. त्याचा ‘शास्त्रीय व्यवस्थापनाचीं तत्त्वें’ हा ग्रंथ १९११ सालचा. बेथलेहेम येथील पोलादाच्या कारखान्यांत बिडाचे ठोकळे आगगाडीच्या डब्यांत चढविणारा मजूर दिवसास साडेबारा टन चढवीत असे. तो आपल्या सूचनेबरहुकूम वागून साडेसत्तेचाळीस टन चढवूं लागला व त्याची रोजी १ डॉलर १५ सेंटांवरून १ डॉलर ८५ सेंटांवर गेली, असें टेलरनें मोठ्या अभिमानानें लिहून ठेवलें आहे. वाचकांनीं हा हिशेब आपल्या नातवंडांकडून करवून घ्यावा : काम जवळजवळ चौपट, रोजी मात्र दुपटीचीहि नाहीं. त्याच १९११ सालच्या ऑगस्टांत बोस्टनजवळील वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारांत हें घड्याळ ओतशाळेंत शिरलें, तेव्हां तेथील सांचेकामगार काम टाकून बाहेर पडले. कायदेमंडळानें चौकशी केली. आणि पुढें सरकारी शस्त्रागारांत असल्या घड्याळावर पैसा खर्चण्यास जी बंदी झाली, ती १९४९ पर्यंत टिकली.

टेलरच्या मागून फ्रँक व लिलियन गिलब्रेथ हें दांपत्य आलें. त्यांनीं घड्याळाच्या जोडीला दिवा आणला. कामकऱ्याच्या बोटांस विजेचे बारीक दिवे बांधून छायाचित्र घ्यावयाचें, म्हणजे हात ज्या वाटेनें फिरला त्या वाटेची प्रकाशरेषा चित्रांत उमटते. आजच्या मनगटी डबीची ही आजीच म्हणावयाची. १९२४ सालीं फ्रँक अकस्मात् वारला. बारा मुलांची आई असलेली लिलियन ही मानसशास्त्राची पंडिता. पण स्त्री म्हणून तिला कारखान्यांची दारें पूर्वींसारखीं उघडेनात. तेव्हां तिनें आपलें लक्ष स्वयंपाकघराकडे वळविलें. चूल, मोरी व कामाचा ओटा किती उंचीवर असावा हें ठरवितांना तिनें हजारों गृहिणींना त्यांचा अनुभव विचारला. पतीच्या हयातींत दिवे बांधून हात पाहणाऱ्या या बाईनें पुढें तोंडानें विचारून पाठीचें दुःख जाणून घेतलें, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

तिसरें उदाहरण शिकागोजवळील हॉथॉर्न येथील दूरध्वनि-यंत्रांच्या कारखान्याचें. उजेड वाढविला तर काम वाढतें काय, हें पाहण्यासाठीं तेथें १९२४ सालीं प्रयोग सुरू झाले. पुढें १९२७ मध्यें पांच मुलींना एका स्वतंत्र खोलींत बसवून त्यांच्या विश्रांतीच्या व कामाच्या वेळा बदलून पाहिल्या. त्यांची ठराविक मुदतीनें वैद्यकीय तपासणीहि होई. काम एकंदरींत वाढत गेलें. हा प्रयोग आज सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यांतील दोन मुलींना फार बोलतात म्हणून १९२८ च्या जानेवारींत बाहेर काढून त्यांच्या जागीं दुसऱ्या दोघी आणल्या, हें फारसें कोणी सांगत नाहीं. गंमत अशी कीं, त्याच कारखान्यानें त्याच वर्षीं वीस हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखतींचा उपक्रम हातीं घेतला. प्रारंभीं अधिकारी ठराविक प्रश्न विचारीत; लौकरच त्यांच्या ध्यानांत आलें कीं, माणसाला त्याच्या मनचें बोलूं दिलें तरच उपयोगाचें कांहीं हातीं लागतें. बोलणाऱ्या दोघींना घालविल्यावर मालकांना बोलण्याचें मोल कळलें !

आजचे संवेदक या वाटेवरचे पुढचे प्रवासी आहेत. त्यांत सज्जनहि आहेत. जपानमधील हिताची कंपनीचे संशोधक काझुओ यानो यांनीं २००६ सालीं संवेदक प्रथम आपल्याच मनगटास बांधला व वर्षानुवर्षें आपल्या हालचालींचें टिपण ठेविलें. दुसऱ्याला औषध देण्यापूर्वीं वैद्यानें स्वतः चाखून पाहावें, तसें हें झालें. परंतु सगळ्यांचीच रीति अशी नसते. फ्रान्समधील खासगी माहितीचें रक्षण करणाऱ्या सरकारी आयोगानें २०२३ च्या डिसेंबरांत ॲमेझॉन कंपनीच्या तेथील वखारशाखेस ३ कोटी २० लाख युरो दंड ठोठाविला. तेथें मजुराच्या हातांतील स्कॅनरवरून, दोन वस्तूंमध्यें सव्वा सेकंदाहून कमी अवधि गेला तर घाई केली म्हणून नोंद होई, आणि दहा मिनिटें स्कॅनर थांबला तर आळस केला म्हणून नोंद होई. घाई केली तरी दोष आणि थांबलें तरी दोष ! युरोपियन संघाच्या नव्या कायद्यानें तर २ फेब्रुवारी २०२५ पासून, वैद्यकीय अथवा सुरक्षिततेचें कारण नसेल तर, यंत्रानें नाडी किंवा मुद्रा वाचून कामाच्या जागीं माणसाच्या भावनांचें अनुमान काढण्यास मनाईच केली आहे.

आपल्याकडे डबीवांचूनहि काय होतें, हें हरियाणांतील मानेसर येथील वृत्तावरून दिसलें. २०२४ च्या मे महिन्यांत, उत्तरेंत उन्हाची आग होत असतां, त्याच कंपनीच्या वखारींत चोवीस फुटी सहा मालमोटारी रिकाम्या होईपर्यंत पाण्यास वा प्रातर्विधीस जाणार नाहीं अशी शपथ मजुरांकडून घेवविली, असें वृत्तपत्रांत प्रसिद्ध झालें. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानें स्वतः होऊन दखल घेऊन केंद्र सरकारच्या कामगार खात्यास नोटीस पाठविली. त्या मजुरांस तहान लागली आहे, हें समजण्यास कोणत्या संवेदकाची जरुरी होती ?

येथवर मी जें लिहिलें तें पुस्तकी म्हणतां येईल. यंदाच्या चैत्रांत मात्र हा प्रश्न आमच्या ओसरीवर येऊन बसला. माझा एक जुना विद्यार्थी भिवंडीच्या एका वखारींत पिकर आहे. त्याचे वडील कल्याणच्या बाजारांत माथाडी कामगार होते. डोक्यावर पोतें घेऊन फळीवरून चढणारे. १९६९ सालच्या कायद्यानें आणि अण्णासाहेब पाटलांच्या संघटनेनें त्या माणसाला नोंदणी, मंडळामार्फत मिळणारी मजुरी आणि भविष्यनिर्वाह निधि मिळवून दिला. पोतें जड होतें, पण त्याच्या खालीं उभ्या असलेल्या माणसाचें नांव कोठें तरी लिहिलेलें होतें. मुलाच्या हातांतील वस्तु हलक्या आहेत. तो मात्र ठेकेदाराकडचा माणूस, आणि करार अकरा महिन्यांचा.

तो दोन पानांचा इंग्रजी कागद घेऊन आला. मनगटास डबी बांधून घेण्यास संमति आहे, असा त्यांतील मजकूर.

“सर, सही करूं का ?” त्यानें विचारलें. “ऐच्छिक आहे म्हणतात. पण नाहीं म्हणणारांचीं नांवें वेगळीं लिहून घेतलीं आहेत.”

“तुला काय वाटतें ?”

“वाईटच आहे असें नाहीं वाटत. गेल्या मे महिन्यांत आमच्या पाळींतला एकजण उन्हानें कोसळला. डबी असती तर कदाचित् आधीं कळलें असतें. पण हीच डबी मी कितीदां बसलों हेंहि सांगेल ना !”

कायद्याचा आधार पाहूं गेलों तर तो दुधारी निघाला. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं २०१७ च्या ऑगस्टांत दिलेला आहे. २०२३ सालीं वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाहि झाला. परंतु त्याच्या सातव्या कलमांत, नोकरीच्या कारणासाठीं मालकानें माहिती वापरण्यास संमतीवांचून मुभा ठेवलेली आहे. म्हणजे ज्या कागदावर आमचा विद्यार्थी सही करावी कीं न करावी म्हणून रात्रभर तळमळला, त्या कागदाचें बळ त्याला वाटत होतें तितकें नव्हतें.

पुतण्या त्या दिवशीं सुटीवर घरींच होता. जेवणें झाल्यावर आम्ही तिघे बसलों. नांवानिशीं आंकडे ठेवूंच नयेत, असा माझा पहिला आग्रह.

“काका, तसें केलें तर उन्हानें घेरी येऊं घातलेल्या माणसाला सावध कसें करावयाचें ?” पुतण्या म्हणाला. “पंचवीस जणांची सरासरी कधीं मूर्च्छित पडत नाहीं, माणूस पडतो.”

त्याचें म्हणणें खरें होतें. मी गप्प बसलों. उत्तर विद्यार्थ्यानेंच दिलें. “ज्याला घेरी येते त्याच्या हातावर कंप द्या, आणि त्याच्या जोडीदाराच्या हातावर द्या. आम्ही दोघे दोघे असतों. सुपरवायझरच्या पडद्यावर कशाला ?” पुतण्यानें मान डोलाविली. यंत्राला हें सहज शक्य होतें. “गिऱ्हाईकानें अजून असें मागितलेलें नाहीं, एवढेंच,” असें तो म्हणाला. विकत घेणारा निराळा व अंगावर घालणारा निराळा, या एका गोष्टींत वैद्याची डबी मुकादमाची कां होते, याचें सारें कारण आहे. नाडी ज्याची, त्याला वैद्य निदान आधीं सांगतो.

मग एका पाठकोऱ्या कागदावर आम्हीं चार प्रश्न मराठींत लिहिले. पहिला, माझे आंकडे मला रोज पाहतां येतील काय ? दुसरा, धोक्याची सूचना सोडून बाकीचे आंकडे माझ्या नांवानें ठेवणार, कीं ज्या फळ्यांच्या रांगेंत मी काम केलें त्या रांगेच्या नांवानें ? तिसरा, या आंकड्यांवरून कोणाचें काम, पाळी अथवा पगार कमी होणार नाहीं, असें लिहून द्याल काय ? चौथा, डबी एक सांगते व मी दुसरें सांगतों, असें झालें तर कोणाचें खरें धराल ? सही करण्यापूर्वीं हे प्रश्न विचार, एकट्यानें विचारूं नकोस, असें मीं सांगितलें. त्याच्या पाळींतील एकवीस जणांनीं त्यांवर नांवें घातलीं.

वखारीच्या व्यवस्थापकानें कागद फेकून दिला नाहीं, हें प्रथम नमूद केलें पाहिजे. पहिल्या दोन प्रश्नांस होकार आला. तिसऱ्यास ‘विचार करूं’ असें उत्तर मिळालें. चौथ्यास उत्तरच आलें नाहीं. सहा आठवडे डब्या बांधल्या गेल्या. एका रांगेंत सर्वांच्याच नाड्या चढतात, वांकणेंहि तेथेंच सर्वांत अधिक, आणि दुपारीं तीननंतर तर फारच, असें आंकड्यांवरून दिसलें. पाण्याच्या बाटल्यांचीं खोकीं व कुत्र्यांच्या खाद्याचीं पोतीं त्या रांगेंत अगदीं तळच्या फळीवर होतीं, आणि वाऱ्याची झुळूक तेथवर पोंचत नव्हती. मालाच्या जागा बदलून जड वस्तु कमरेच्या उंचीवर आल्या. दोन मोठे पंखे लागले.

पुतण्यास ही वार्ता कळली तेव्हां त्याला झालेला आनंद मी दूरध्वनीवरून ऐकला. त्याच्या विद्येनें चाळीसेक माणसांच्या पाठींचें दुःख हलकें झालें होतें. तो आनंद निर्मळ होता. विद्यार्थी पेढे घेऊन आला. तोहि समाधानी दिसत होता. मात्र जातांना उंबऱ्याशीं थांबून म्हणाला, “सर, ती तळची फळी आणि तो वारा, हें आम्ही दोन उन्हाळे तोंडानें सांगत होतों.”

त्याच्या त्या वाक्यावर मी पुष्कळ दिवस विचार केला. डबीनें नवें असें कांहीं शोधून काढलें नव्हतें; तिनें जुन्या म्हणण्याला भारदस्तपणा आणला. माणसाचें बोलणें म्हणजे कुरकुर आणि यंत्राचा आंकडा म्हणजे पुरावा, अशी आपल्या सर्वांच्या मनाची घडण झालेली आहे. ती वखारींतच झालेली आहे असेंहि नाहीं. आमच्या घरचा ओटा थोरल्या सुनेच्या उंचीस ठेंगणा आहे, हें ती पहिल्या मंगळागौरीपासून सांगत होती. अस्थितज्ज्ञानें तिच्या मणक्याच्या छायाचित्रावर बोट ठेवून सांगितलें, तेव्हां कोठें गवंडी आला. त्या छायाचित्राचा मी ऋणी आहें. पण तें काढण्याची पाळी यावी हें भूषण नव्हे. ज्या घरांत अथवा वखारींत तोंडच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची संवय राहिलेली नाहीं, तेथें आंकडा उपयोगी पडतो खरा, पण तो कोणाच्या बाजूनें पडेल हें त्या आंकड्यावर अवलंबून नसतें.

माझा विद्यार्थी आज पस्तिशींत आहे. आणखी दहा वर्षांनीं तींच पावलें चालतांना आणि तींच खोकीं उचलतांना त्याला दम लौकर लागेल; हा कोणाचा दोष नव्हे, तो वयाचा धर्म आहे. त्या वेळीं वाढलेली नाडी पाहून ‘याचें ओझें कमी करा’ असें कोणी म्हणेल, कीं ‘याच्या जागीं दुसरा पाहा’ असें म्हणेल, याचें उत्तर संवेदकाजवळ नाहीं. तें तिसऱ्या व चौथ्या प्रश्नांत आहे. करार पुन्हां होण्यापूर्वीं हे दोन प्रश्न परत विचारावयाचे, असें त्या एकवीस जणांनीं ठरविलें आहे. या खेपेस त्यांच्यांत उत्तर प्रदेश व बिहारकडचे बरेच गडी सामील होत आहेत. त्यांच्यासाठीं तेच प्रश्न सोप्या हिंदींत लिहून देण्याचें काम माझ्याकडे आलें आहे. चौथा प्रश्न मात्र लिहून पाहतांना दोनदां खोडला. ‘कोणाचें खरें धराल’ हें कोणत्याहि भाषेंत मालकाला नम्रपणें विचारणें कठीणच जातें.